ड्राफ्टकाका

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत इंग्रजीत काहीही लिहायचं निघालं की कागद ड्राफ्टकाकांकडं जातो. त्यांचं खरं नाव शेअर सर्टिफिकेटवर असेल, पण ते कोणी वाचायला गेलेलं नाही. फोर्टातल्या एका बँकेच्या हेड ऑफिसात त्यांची सगळी नोकरी सर्क्युलरं लिहिण्यात गेली. साहेब बदलत गेले, काकांचं वाक्य चालूच राहिलं. 'विथ रेफरन्स टू द सब्जेक्ट सायटेड अबव्ह' म्हणून ते सुरू व्हायचं आणि 'फॉर युवर काइंड पेरूझल अँड नेसेसरी ॲक्शन प्लीज'पाशी पूर्णविराम पडेपर्यंत स्लो लोकलनंही कल्याण गाठलं असतं. मधे क्रियापद कुठं आहे, हे साहेबसुद्धा विचारत नसत. विचारलं तर आपल्यालाच इंग्रजी येत नाही असं दिसायचं! 'एन्क्लोज्ड प्लीज फाइंड हिअरविथ' हे तर काकांचं हुकमी वाक्य. जोडलेला कागद बहुधा टेबलावरच राहिलेला असे.

या इंग्रजीला हसणं सोपं आहे, पण त्यामागं पक्की अक्कल होती. 'इट हॅज बीन ऑब्झर्व्ड' लिहिलं की कोणी पाहिलं ते सापडत नाही. 'इट वॉज डिसाइडेड' लिहिलं की ठरवणारा माणूस इन्क्वायरीतही हाती लागत नाही. आपल्या सेक्शनमध्ये कोणालाही कधी मेमो मिळाला नाही, याचं श्रेय काका आजही कर्मणी प्रयोगाला देतात. आणि त्यांना थोडक्यात लिहिता येत नव्हतं असंही नाही. तारेला शब्दागणिक पैसे पडायचे तेव्हा हेच काका गावाकडं चार शब्दांत बारसं कळवत. तारेचे पैसे खिशातून जात, सर्क्युलरचा कागद बँकेचा होता. पुढं 2013च्या जुलैत तारही बंद झाली आणि काकांना उरलासुरला धरबंद राहिला नाही.

सोसायटीच्या नोटिसांनी त्याची फळं भोगली. शेवटी सून आडवी आली. ती पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत युजर मॅन्युअलं लिहिते. एकदा बोर्डावरची नोटीस वाचून ती एवढंच म्हणाली, ''बाबा, पाणी येणार नाही हे शेवटून दुसऱ्या ओळीत आहे.'' पुढच्या खेपेला तिनं अर्नेस्ट गावर्स यांचं 'प्लेन वर्ड्स' आणून हातात ठेवलं. ब्रिटिश ट्रेझरीनं आपल्याच नोकरशाहीचं इंग्रजी ताळ्यावर आणायला हे पुस्तक लिहून घेतलं. ते 1948 साली निघालं. काका साल बघून उडालेच. ''म्हणजे इथून गेले आणि वर्षभरात सुधारले? आणि आम्हाला कळवलं नाही? एक सर्क्युलर काढायला काय जात होतं?''

त्या दिवसापासून काका बाटले, आणि बाटग्याची बांग मोठी असतेच. सेक्रेटरींनी टाकी धुण्याच्या नोटिशीचा मसुदा आणला तेव्हा मी समोर होतो. काकांनी ओळीखाली लाकडी पट्टी ठेवली, लाल बॉलपेनचं टोपण काढलं आणि 'धिस इज टू इन्फॉर्म ऑल द मेंबर्स' हे शब्द एका रेघेत आडवे केले. ''बोर्डावर नोटीस लागली म्हणजे इन्फॉर्मच करतोय ना? मग?'' 'इन व्ह्यू ऑफ द फॅक्ट दॅट' गेलं. 'अनअव्हॉइडेबल सरकमस्टन्सेस' गेले. 'काइंडली'पाशी मात्र हात थांबला. पेन वर गेलं, खाली आलं. नोकरीभर सांभाळलेला शब्द! काकूंना चहा टाकायला सांगून, चहा पिऊन, मग काकांनी डोळे मिटून तो खोडला. बोर्डावर लागलं: 'टँक क्लीनिंग. फ्रायडे. नो वॉटर टिल फोर. स्टोअर.' तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दोन दिवस विचारत होत्या, कुठलं स्टोअर बंद आहे म्हणून.

एवढी छोटी नोटीस का लिहिली, हे सांगायला काकांना पाऊण तास लागतो, तोही अस्सल मराठीत, गावर्सपासून सुरुवात करून. फालतू शब्द गाळा, हा नियम कॉर्नेल विद्यापीठातले प्रोफेसर स्ट्रंक वर्गात तीन-तीनदा सांगत, असं त्यांचा विद्यार्थी ई. बी. व्हाइट यानं लिहून ठेवलं आहे. इतके शब्द गाळल्यावर प्रोफेसरांकडं वेळ उरायचा, असा त्याचा तर्क. काकांकडं वेळ पेन्शनीचा आहे. त्यामुळं ते तीनवर थांबत नाहीत.

पण परवा त्यांनी जे केलं त्याला मी मानलं. समोरच्या विंगमधला मुलगा जर्मनीला एम.एस.साठी अर्ज करतोय. त्याचं 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' घेऊन आला. पहिलंच वाक्य, लहानपणापासून डेटा सायन्सची मला प्रचंड ओढ आहे, अशा अर्थाचं. काकांनी पट्टी ठेवली, पेन उघडलं, आणि काहीच खोडलं नाही.

''लहानपणी तू गॅलरीतून माझ्या कुंड्यांत बॉल मारायचास. तुला नक्की काय शिकायचंय?''

''काका, डेटा सायन्स.''

''का?''

मुलगा पंख्याकडं बघायला लागला. ''सगळे तेच घेतायत.''

''मग इंग्रजीला काय झालंय? ते ठणठणीत आहे. आधी तुझं ठरू दे, मग ये. दोन ओळी पुरतील.''

आजवर ड्राफ्ट घेऊन आलेल्या कोणालाही काकांनी हे विचारलं नव्हतं. बँकेत तर असा प्रश्न म्हणजे शिस्तभंग.

मुलगा दुसऱ्या दिवशी आला तो दोन पानं छापून घेऊनच. काकांनी चष्मा पुसला. 'डीपली पॅशनेट' होतं, 'मल्टिफेसेटेड' होतं, 'इट इज वर्थ नोटिंग दॅट' होतं, आणि कोणी काय केलं याचा दोन पानांत कुठंही पत्ता नव्हता. काका शेवटपर्यंत वाचत गेले, मधे एकदा मानही डोलावली.

''हे तू लिहिलंस?''

''नाही काका. मोबाइलमधल्या एआयनं.''

काकांनी पानं सरळ करून टाचणी लावली आणि आदरानं विचारलं, ''कुठल्या बँकेत होता रे हा?''