काडीराव

जपानच्या शिकोकू बेटावर, एहिमेच्या डोंगरउतारावर, संत्र्याच्या बागेतून एखादा धडधाकट तरुण अनवाणी, संथ चालीने, दोन्ही हात मोकळे सोडून येताना दिसला की समजावं, हा काडीराव. मोकळे हात ही पक्की खूण. त्या वाटेवर बाकी प्रत्येकाच्या हातात काहीतरी असतं: विळा, बादली, सरपणाची मोळी, गेला बाजार चहाचा थर्मास तरी.

नाव मीच ठेवलेलं. नैसर्गिक शेती करणाऱ्या मासानोबू फुकुओकांचं, भाताच्या एका काडीतून क्रांती मांडणारं पुस्तक १९७५ साली निघालं आणि त्यांच्या इयो गावाकडे जगभरचे काडीराव येऊ लागले. फुकुओका २००८ साली, पंचाण्णवाव्या वर्षी गेले, तरी हा ओघ काही आटलेला नाही. ही मंडळी मग नैसर्गिक शेती करणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे तरी मुक्काम टाकतात. दिवसाचे पाच-सहा तास काम करायचं, बदल्यात जेवण आणि अंथरूण. पैशाची देवघेव नाही. इंग्लंडमध्ये १९७१ साली सुरू झालेली ही ‘वूफ’ची पद्धत जपानातही चांगली रुजली आहे. काडीराव या करारातली जेवणाची आणि अंथरुणाची कलमं अगदी काटेकोर पाळतो.

काडीराव कुठल्याही देशाचा असू शकतो. मी उतरलो होतो तिथला कोथरूडचा निघाला. तोक्योत निशी-कासाईला, म्हणजे आपल्या लोकांच्या वस्तीत राहून कुठल्याशा बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायचा, आणि ‘गोल्डन वीक’ची सुट्टी जोडून आला होता. “काका, मी कामाच्या संकल्पनेतूनच बाहेर पडतोय,” असं पहिल्याच संध्याकाळी त्याने मला सांगितलं. पुढच्या सोमवारी त्याला पुन्हा संकल्पनेत हजर व्हायचं होतं, ते नंतर कळलं. तो हे सांगत होता तेव्हा यजमान मागच्या अंगणात त्याच्या अंघोळीसाठी लाकडं फोडत होते.

पृथ्वीतत्त्वाशी संपर्क तुटू नये म्हणून त्याने बूट मात्सुयामा स्टेशनवरच पिशवीत टाकले होते. जपानी घरात दाराशी बूट काढतात, हे त्याला माहीत होतं. पण ते आधीच काढलेले असल्यामुळे दाराशी काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. अंगणातल्या चिखलासकट तो थेट तातामीच्या चटयांवर गेला. यजमानीणबाईंचा श्वास क्षणभर अडकला. मग त्या हसल्या, कमरेत वाकल्या आणि फडकं घेऊन त्याच्या मागोमाग पावलं पुसत निघाल्या. ही स्वागताची रीत असावी असं वाटून तोही वाकला.

न्याहारीला फुकुओकांचं चरित्र असायचं. योकोहामाच्या कस्टममधली झाडं-रोपं तपासायची नोकरी, पंचविसाव्या वर्षी झालेला साक्षात्कार, राजीनामा, १९८८चा मॅगसेसे पुरस्कार, विश्वभारतीचा देशिकोत्तम: सगळं तोंडपाठ. फुकुओका इयोचे, यजमान इयोजवळचे, आणि त्यांना फुकुओका समजावून सांगणारा कोथरूडचा. यजमान भात चावता चावता ऐकून घेत आणि “नारुहोदो” म्हणत, म्हणजे आपलं “अस्सं होय!” एवढं म्हणून ते विळा घेऊन उठत. तो विळा कुठे टांगलेला असतो, तेवढं मात्र काडीरावाला शेवटपर्यंत सापडलं नाही.

त्याचा खरा जीव फुकुओकांच्या चार तत्त्वांवर. नांगरणी नाही, खत नाही, निंदणी नाही, औषध नाही. ‘नाही’ ऐकलं की त्याची कळी खुलायची. त्या चार नाहींच्या आजूबाजूला किती ‘आहे’ दडलेलं आहे, ते ऐकायला तो थांबत नसे. भात उभा असतानाच त्यात क्लोव्हर आणि बार्ली फेकायची. भात कापून झोडपला की त्याचं सगळं काड पुन्हा त्याच शेतावर पसरायचं, तेही वेडंवाकडं, नाहीतर खालचा कोंब वर येत नाही. भाताचं बी चिकणमातीच्या गोळ्यांत घालून टाकायचं, म्हणजे पाखरं आणि उंदीर खात नाहीत. जूनमध्ये आठवडाभर पाणी कोंडायचं, म्हणजे क्लोव्हर दबतं आणि भात डोकं काढतो. एक दिवस इकडेतिकडे झाला तर वर्ष गेलं. नांगर सोडलेल्या माणसाला पंचांग सोडता येत नाही.

खुद्द फुकुओकांनीही सुरुवातीला हात सोडून बसून पाहिलं होतं. वडिलांच्या बागेतली छाटलेली संत्री त्यांनी निसर्गावर सोपवली. फांद्या एकमेकींत गुंतल्या, कीड पडली, झाडं मेली. एकदा छाटणीची सवय लावलेलं झाड असं वाऱ्यावर सोडणं म्हणजे निसर्ग नव्हे, ही हयगय, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. यजमानांनी एका संध्याकाळी भीतभीत हा किस्सा काढला. काडीराव मंद हसला. “तेव्हा त्यांचं चित्त तेवढं शुद्ध नसेल,” म्हणाला. नारुहोदो.

काम त्याने अगदीच केलं नाही असं कसं म्हणू? भाजीच्या बियांचे मातीचे गोळे वळायला तो बसला होता. गोळा बोराएवढा हवा. याचे झाले बुंदीच्या लाडवाएवढे, आणि एकेकात अख्ख्या वाफ्याचं बी. प्रत्येक गोळा तो डोळे मिटून वळत होता. यजमानीणबाईंनी “सुगोई!” म्हणून तोंड भरून कौतुक केलं आणि तो ध्यानाला गेल्यावर सगळे फोडून पुन्हा वळले. माझ्या मते या मंडळींचं खरं चुकतं ते इथे. जपानी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, आणि काडीरावाला तर तेवढीच एक भाषा कळते.

शेजारी एक ओबाचान, म्हणजे आजीबाई, राहतात. जपानात मुख्य व्यवसाय म्हणून शेती करणाऱ्यांचं सरासरी वय २०२०च्या शेतीगणनेत ६७.८ भरलं, ओबाचान हा आकडा वर ओढणाऱ्यांपैकी. कंबर काटकोनात वाकलेली, डोक्यावर झालरीची टोपी, आणि हातात सदैव गवत कापायचं मशीन. त्यांच्या बांधावर गवताची काडी दिसणार नाही. आमच्या यजमानांच्या गवताचा त्यांना घोर आहे, आणि तो खोटा नाही: गवतावर कामेमुशी नावाचा ढेकण्या किडा पोसतो, भाताची लोंबी शोषतो, दाण्यावर डाग पडतो आणि तांदळाची प्रत उतरते. म्हणून यजमान आपला बांध सगळ्यांच्या आधी कापतात, गावाच्या पाटाची सफाई असते त्या रविवारी फावडं घेऊन सगळ्यांच्या आधी पोचतात आणि ओबाचानच्या दारात अधूनमधून काकड्या ठेवून येतात. नैसर्गिक शेतीचं हे पाचवं तत्त्व पुस्तकात नाही. त्या रविवारी काडीरावाचं मौन होतं.

मौन सुटलं त्याच रात्री, मुकादेमुळे. मुकादे म्हणजे तिकडची वीतभर लांबीची विषारी गोम. पाऊसपाण्याच्या दिवसांत बेधडक घरात येते आणि चावली तर माणूस रात्रभर तळमळतो. जेवताना काडीराव आम्हाला कीटक आणि मानव यांच्या अद्वैताबद्दल सांगून झोपायला गेला होता. थोड्याच वेळात त्याच्या खोलीतून आली ती किंकाळी शुद्ध मराठी होती. आम्ही धावलो, तर तो बुटक्या टेबलावर उभा आणि गोम फुतोनच्या अंथरुणावर. आवाज ऐकून ओबाचान चिमटा घेऊनच आल्या, गोम उचलली आणि तेलाच्या बाटलीत सोडली. त्या तेलाचं जखमेवर औषध होतं म्हणे. टेबलावरून उतरल्यावर काडीरावाने घरात फवारायचं काही आहे का, अशी चौकशी केली. चौथं तत्त्व एवढ्यावर निकालात निघालं.

सोमवारी तो तोक्योला परतला. आता मुळशीकडे जमीन बघतोय, मधूनमधून फोन येतो. तलाठी सातबारा मागतो म्हणून तो भयंकर चिडलाय. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला माणूस आधी शेतकरी असावा लागतो, आणि आठवडाभर काही न केल्याचा दाखला तलाठ्याला चालत नाही.

तुम्हाला तिकडे जायचं असेल तर जरूर जा, पण जून-जुलैत जा. चेरी फुलते तेव्हा, पानं लाल होतात तेव्हा आणि गोल्डन वीकमध्ये काडीरावांना तोटा नसतो. पावसाळ्यात गवत गुडघ्याला लागतं आणि कापायला कुणी नसतं. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट इथूनच न्या. पाय मोठा असेल तर तिकडे माप मिळत नाही.