25 च्या आतले काका

फ्लोरिडातल्या सपाट गावांत हल्ली एक नवी जमात दिसते : कार्टकाका. बहुतेक गोरे, पण अधूनमधून एखादा अस्सल पुणेरी निघतो. सत्तरच्या दशकात इंजिनिअर होऊन आलेला, पुढं चाळीसेक हिवाळे न्यू जर्सीत दारापुढचा बर्फ उपसलेला, आणि गुडघे व मुलं दोन्ही ऐकेनाशी झाल्यावर दक्षिणेकडे सरकलेला. गोल्फशी त्याचा काडीचा संबंध नसतो. चांगला हातातला चेंडू लांब भिरकावायचा आणि मग उन्हातान्हात तो शोधत हिंडायचं, हे त्याला शहाण्या माणसाचं काम वाटत नाही. गाडी मात्र गोल्फची.

"गोल्फची नाही," काका तात्काळ दुरुस्ती करतात. "लो-स्पीड व्हेइकल. 1998 साली केंद्र सरकारनं हा वर्गच वेगळा केला. ताशी 20 मैलांच्या वर, 25 च्या आत. हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर, आरसे, पुढची काच, सीटबेल्ट, सगळं आहे. नंबरप्लेट आहे, विमा आहे. तुझ्या टोयोटाला काय जास्त आहे, सांग."

दारं आणि एअरबॅग, असं ओठांवर येतं. पण काकांपुढं बोलण्यात अर्थ नसतो. ते वाक्य पूर्ण होऊ देतात, हाच मोठेपणा.

तिकडं द व्हिलेजेस नावाची निवृत्तांची प्रचंड वसाहत आहे. तिथं कार्टसाठी शंभरावर मैलांच्या वाटा आहेत, हमरस्त्यावरून पलीकडं जायला कार्टचे पूल आहेत. तिथले म्हातारे संस्थानिक म्हणायचे. आमचे काका राहतात साध्या गावात, जिथं पिकअप ट्रक हे वाहन नसून स्वभाव आहे. फ्लोरिडाचा कायदा काकांना 35 मैलांपर्यंतच्या वेगमर्यादेचे रस्ते देतो. त्याहून वेगवान रस्ता चौकात ओलांडायची तेवढी मुभा. त्यामुळं गावातली हॉटेलं माहीत नसली, तरी वेगमर्यादेची पाटी न् पाटी काकांना तोंडपाठ. वाण्याचं दुकान मोटारीनं दोन मैलांवर आहे. काकांच्या वाटेनं ते पावणेचार मैलांवर जातं, कारण मधला सरळ रस्ता 45 चा. शिवाय सिग्नल नसलेल्या चौकात डावीकडं वळायचं नाही, हा घरचा नियम. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या फटीतून 25 च्या वेगानं निसटण्यापेक्षा तीनदा उजवीकडं वळून काका त्याच दिशेला लागतात. पेट्रोलचा प्रश्नच नाही, आणि वेळ तर पेन्शनीत फुकट आलेला.

लेनच्या बाबतीत मात्र ते ठाम. पार कडेला चिकटून जायचं नाही. "कडेला सरकलास की मागच्याला वाटतं, मावतंय आपल्याला. मग तो मावून घेतो." म्हणून काका लेनच्या मधोमध, भर दुपारी दिवे लावून, पाठीला नारिंगी त्रिकोण डकवून चालतात. पण मागं तिसरी गाडी जमली रे जमली, की दिसेल त्या पार्किंगमध्ये शिरून सगळ्यांना वाट देतात. एका हातानं 'या, या' करतात, जसं काही पंगतच बसवताहेत. लेन आपली आहे हे सिद्ध करून झाल्यावर ती सोडून द्यायला काकांना काही वाटत नाही. माझ्या मते हा भित्रेपणा आहे आणि काका आजवर धडधाकट आहेत ते त्याच्याच जोरावर.

हॉर्नचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. पुण्यात हॉर्न म्हणजे नुसतं 'आलो' असतं. इथं तो एकदम कुळाचा उद्धार करतो. काका तो पुणेरी अर्थानंच घेतात. मागं वळून बघणं हे त्यांचं खातंच नव्हे. ते काकूंचं.

कारण काकू मागच्या सीटवर, पाठमोऱ्या बसतात. त्या सीटचं तोंडच मागं असतं. पट्टा बांधून, मांडीवर पिशवी घेऊन त्या येणाऱ्या वाहतुकीकडं बघत असतात आणि धावतं वर्णन चालू असतं.

"अहो, पिकअप. काळा. चाकं माझ्या खांद्याएवढी."

"अंतर किती?"

"दातात काय अडकलंय ते दिसतंय त्याच्या."

काका काहीच करत नाहीत. काकू करतात. त्या पिकअपवाल्याच्या डोळ्यांत डोळे घालून प्रसन्न हसतात आणि हात हलवतात. पुढच्या बिनचेहऱ्याच्या डब्याला मोटार चिकटवणं सोपं असतं. हसणाऱ्या आजीला चिकटवून बघा! भलेभले चार हात मागं सरताना मी पाहिलेत. फोनवर बोलणारा असला तर काकू कानाशी हात नेऊन मान हलवतात. तो ओशाळून फोन ठेवतो.

वळणावर काका जवळजवळ थांबतात. गाडी उंच आणि अरुंद, ब्रेक मागच्याच चाकांना. जोरात वळलं तर ती कलंडते, आणि कलंडल्यावर धरायला दार नसतं. नातवाला हे पटत नाही. तो चौदा वर्षांचा आहे आणि त्याला स्टिअरिंग हवंय. त्याच्या मित्राचा दादा याच वयात कार्ट चालवायचा, हे तो पुन्हा पुन्हा सांगतो. खरं आहे, साध्या गोल्फ कार्टला तेव्हा चालायचं. 2023 साली फ्लोरिडानं कायदा बदलला, अठराच्या आतल्यांना निदान लर्नर लायसन्स तरी हवंच झालं. "आणि आपली गोल्फ कार्ट नाही," काका म्हणतात. नातू डोळे फिरवतो.

गेल्या उन्हाळ्यात काकांना पोलिसानं अडवलं. काका कडेला थांबले, दोन्ही हात स्टिअरिंगवर. अधिकारी खिडकीशी आला, म्हणजे खिडकी असती तिथं. काकांनी कायद्याच्या कलमाची छापील प्रत पुढं केली; प्लॅस्टिकमध्ये घातलेली, अर्थातच. त्यानं ती वाचली नाही. त्याला विचारायचं होतं, एका चार्जिंगमध्ये किती जाते? त्याच्या सासऱ्यांना घ्यायची होती.

मग काय! बॅटरीत पाणी कधी भरायचं इथपासून काका सुरू झाले. पोलिसाच्या गाडीचे निळे-लाल दिवे मागं फिरत होते. फ्लोरिडात पोलीस असा कडेला उभा असला की लेन बदलायची, आणि ते जमत नसेल तर मर्यादेपेक्षा 20 मैलांनी वेग कमी करायचा, असा कायदा आहे. रस्ता 35 चा, लेन एकच. म्हणजे 15. सरळ रस्त्यावर काकाही इतके हळू कधी गेलेले नाहीत. एकामागून एक पिकअप, पुढं बघत, शाळेच्या रांगेसारखे गुमान सरकत होते.

"अहो," काकू मागून म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या तुमचं. मला काही घाई नाही."