पहाटेचे नावाडी

आमच्या सोसायटीत पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांनी जातं सुरू होतं. घर्रर्र, मग थोडी उसंत, पुन्हा घर्रर्र. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचं वय चौऱ्याऐंशी, कान मात्र चाळिशीतले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सुनेला विचारलं, "वरच्यांना गिरणीचं पीठ चालत नाही का गं?" दळण नव्हे, व्यायाम आहे, असं कळल्यावर त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "आम्हीही ह्याच वेळेला उठायचो. पण आम्हाला निदान पायलीभर पीठ मिळायचं."

वरचे म्हणजे आमचे नावाडी. त्यांना चांगलं चार अक्षरी आडनाव आहे, दारावर पितळी पाटी आहे, पण ते आडनाव आता फक्त कुरिअरवाला वापरतो. वय एक्कावन्न, नोकरी हिंजवडीत, पोट तह झालेल्या शत्रूसारखं, म्हणजे होतं तिथेच आहे, पुढे सरकत नाही इतकंच. दोन वर्षांपूर्वी त्यांनी रोइंग मशीन घेतलं. लांबी आठ फूट, रुंदी दोन फूट. ते हॉलमध्ये आलं तेव्हा जेवणाचं टेबल गॅलरीत गेलं, गॅलरीतली तुळस जिन्यात आली आणि जिन्यातलं चपलांचं कपाट आमच्या दाराशी टेकलं. मी समोरच राहतो. तेव्हापासून हा विषय माझ्या घरचाच झाला आहे.

पुण्याच्या पहाटेला जातिव्यवस्था आहे. टेकडीवाले, बागेतले हास्यक्लबवाले, तलाववाले, सायकलवाले. कोण किती वाजता उठतो त्यावर त्याचा मान ठरतो. साडेपाचला उठणारा सहावाल्याकडे ज्या करुणेने बघतो ती पाहण्यासारखी असते. पण टेकडीवर जातो म्हटलं की समोरचा "वा" म्हणून विषय संपवतो. रोइंगचं तसं नाही. "म्हणजे नक्की काय?" असं समोरच्याला विचारावंच लागतं आणि नावाड्यांचा सगळा जीव ह्या एका प्रश्नात आहे. तो यावा म्हणून ते लिफ्टमध्ये तळहात चोळत उभे राहतात. घट्टे दिसले की माणूस विचारतो. न विचारल्यास चौथ्या मजल्यापर्यंत सोबत येतात.

ह्या माणसाचा दिवस उजाडतो तो आदल्या संध्याकाळी. साडेसातला जेवण. मग खुर्चीवर उद्याचे कपडे, घालायच्या क्रमाने उलटे रचून. शेजारी पाण्याची बाटली, एक केळं, मोजे. गजराचा फोन देवघरात, म्हणजे बंद करायला उठावंच लागतं आणि गेल्यासरशी देवाला हातही जोडले जातात. साडेनऊला दिवे बंद. लग्नाच्या स्वागत समारंभात ही मंडळी स्टेजवरच्या रांगेत पहिली असतात. नवरा-नवरी येण्याआधी आहेर घेऊन उभी. एकदा तर ते वधूच्या मावशीच्या हातात पाकीट देऊन सव्वाआठला घरी आले होते. कोजागिरीला गच्चीवर दूध आटत असतं, बायका गाणी म्हणत असतात आणि चंद्र माथ्यावर यायच्या आत नावाडी आपला पेला कोमट, बिनसाखरेचा, उभ्या उभ्या संपवतात.

त्यांना सगळ्यात जड जातो तो नरक चतुर्दशीचा दिवस. त्या एका पहाटे अख्खी सोसायटी त्यांच्या आधी उठलेली असते. उटण्याचा वास, बंबाचा धूर, पोरांचे फटाके. गेल्या दिवाळीत मी त्यांना जिन्यात गाठलं तर चेहरा पडलेला. वर्षभर जपलेली मक्तेदारी कुणीतरी फुकट वाटून टाकावी तसा.

"पण पहाटेच का?" हा प्रश्न मी विचारला होता. (लिफ्टमध्येच. माझीच चूक.) उत्तर मात्र पटण्यासारखं आहे. पहाटे वारा नसतो. वारा नसला की पाणी परातीतल्यासारखं निवांत पडलेलं असतं. शर्यतीची एकट्याची नाव असते आठ मीटरच्या आसपास लांब, बसायला जेमतेम कंबरेएवढी आणि वजनाला किमान चौदा किलो. म्हणजे आपल्या घरातला गॅसचा भरलेला सिलिंडर तिच्या दुप्पट जड. असल्या काडीवर बसून दोन लांब वल्ही सांभाळायची, तर लाटा परवडत नाहीत. हे सगळं खरं. पण मशीन हॉलमध्ये आहे आणि हॉलमध्ये लाटा नसतात, हे मी बोलून दाखवलं नाही. शेजारधर्म असतो.

नदीचा नाद त्यांना लागला तो कॉलेजात. सीओईपीचा, म्हणजे इथल्या इंजिनीअरिंग कॉलेजचा, बोट क्लब १९२८ सालचा, मुळा-मुठेच्या संगमाजवळचा. तिथल्या रेगाटाला, म्हणजे नौकांच्या सोहळ्याला, अख्खं पुणं काठावर बसायचं. अंधार पडला की मशाली फिरायच्या, नावा बाणाच्या आकारात यायच्या. नावाड्यांच्या हॉलमध्ये त्या काळचा एक फोटो आहे. त्यात पाणी आहे, नाव आहे, आठ-दहा पोरं आहेत. "हा मी," म्हणून ते ज्या डोक्यावर बोट ठेवतात ते डोकं तिसऱ्या ओळीत, एका मोठ्या कानामागे आहे. त्यांच्या मिसेसचं म्हणणं असं की दर पाहुण्यागणिक बोट वेगळ्या डोक्यावर पडतं.

आता ते शनिवार-रविवार नदीवर जातात, म्हणजे नदी येऊ देईल तेव्हा. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो आणि क्लबची शिडी निघते. उन्हाळ्याच्या तोंडाला जलपर्णी येते. एका रात्रीत नदीवर अशी हिरवीगार चादर पसरते की पाहुण्यांना ते क्रिकेटचं मैदान वाटावं. मधल्या काळात जे पाणी उरतं त्याला वास असतो. ह्या वासाबद्दल नावाडी बोलत नाहीत, आईच्या तोंडून निघालेल्या शिवीबद्दल मुलगा बोलत नाही तसं. घरी आल्यावर मात्र त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत पडतात आणि त्या बादलीला कुणी हात लावत नाही.

मशीनवर मला बसवल्याशिवाय त्यांना चैन पडेना. एका रविवारी बसलो. पायपट्टे आवळले, दांडा हातात घेतला आणि बाजूची कळ एकदम दहावर नेली. पैसे दिलेत शेजाऱ्याने, पुरेपूर वसूल करावेत. त्यांनी ती चारवर आणली. "सगळे नवखे हेच करतात," ते म्हणाले. "दहा म्हणजे जास्त व्यायाम नव्हे. दहा म्हणजे जड नाव. आतल्या पंख्याला हवा जास्त मिळते, एवढंच. विरोध तुमच्या ओढण्यातून येतो. जेवढं जोरात ओढाल तेवढं ते तुम्हाला अडवणार."

"म्हणजे सरकारी कचेरी."

ते हसले नाहीत. ह्या विषयावर ते हसत नाहीत. त्यांनी मंत्र दिला: पाय, पाठ, हात, परतताना हात, पाठ, पाय. आधी पायांनी लोटायचं, मग पाठ मागे झुकवायची, शेवटी दांडा बरगड्यांशी आणायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हा हातांचा खेळ आहे, पण मुख्य काम मांड्यांचं. ओढायला एक मात्रा, परतीला दोन. घाईने पुढे यायचं नाही. पुढे येणं ही विश्रांती आहे. ही एकास दोनची लय ऐकून स्वयंपाकघरातून आवाज आला, "तेच प्रमाण दिवसभर चालू असतं. मेहनत एक, विश्रांती दोन."

मी पाचशे मीटर गेलो. आकडा होता दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद. त्यानंतर चार दिवस मी कमोडवर बसताना दोन्ही हातांनी भिंत धरत होतो.

सगळा धर्म ह्या पाचशे मीटरच्या वेळेत आहे. त्याला ते "स्प्लिट" म्हणतात आणि दिवसातून दहा-बारा वेळा म्हणतात. त्यांचा स्प्लिट अडीच मिनिटांचा, ध्येय दोनचं. ऐकायला वाटतं, तीसच सेकंद तर कमी करायचे. पण ताकद लागते ती वेगाच्या घनाच्या हिशोबाने. अडीच मिनिटांना साधारण एकशे चार वॅट पुरतात. दोन मिनिटांना दोनशेच्या वर. जवळपास दुप्पट! हे गणित त्यांनी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, पाण्याच्या टाकीच्या विषयावर बोलताना, मोटारीच्या वॅटेजवरून घसरत घसरत सांगितलं होतं. बँकेतून निवृत्त झालेले खजिनदार तेवढे गंभीर झाले. गृहकर्जाचं असंच असतं, असं काहीसं पुटपुटले.

मिसेस मालवणच्या. त्यांच्या माहेरी होडी आहे, पाच पिढ्यांची, आणि त्या होडीत बसून कुणी कधी नाडीचे ठोके मोजले नाहीत. माणसं समुद्रावर जातात, मासळी घेऊन येतात. एका शनिवारी नावाडी नदीवरून आले ते ओलेचिंब, कपाळाला टेंगूळ. वल्हं पाण्यात तिरकं शिरलं की अडकतं, आणि त्याचा दांडा उलटा येऊन अंगावर आदळतो. रोइंगवाले त्याला खेकडा पकडणं म्हणतात. "आज खेकडा लागला," एवढंच ते दारातून म्हणाले.

"मग आणलात कुठे?" आतून उत्तर.

वल्हवणारा माणूस जायच्या दिशेला पाठ करून बसतो, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. पुढे काय आहे ते दिसत नाही, मागे काय गेलं ते सगळं दिसतं. आठ जणांच्या नावेत पुढे तोंड करून एकच जण बसतो, कॉक्स नावाचा, आणि तो वल्हवत नाही, फक्त ओरडतो. मी म्हटलं, तुमच्या घरात हे पद भरलेलं आहे. ह्यावर मात्र ते हसले, आवाज न करता, स्वयंपाकघराकडे बघत.

त्यांच्या भक्तीत खोट काढता येत नाही, हेही सांगायला हवं. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये दत्तू भोकनळ एकट्याच्या नावेत तेरावा आला, तेव्हा मशीन यायचं होतं, पण ह्या गृहस्थांनी सोसायटीत पेढे वाटले होते. "तेरावा?" खजिनदार म्हणाले. तेवढ्यावर नावाडी जिन्यातच उभे राहिले आणि बोलत सुटले. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, प्यायच्या पाण्याची मारामार. विहिरी खणायला गेलेला पोरगा. सैन्यात भरती झाला, इथे पुण्यात, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये वल्हं हातात आलं आणि चार वर्षांत ऑलिंपिक. "नदी आपल्या उशाला आहे हो! आपण काय केलं तिचं?" दोन वर्षांनी आशियाई खेळांत त्याने चौघांच्या नावेत सुवर्ण मिळवलं, तेव्हा पुन्हा पेढे. ह्या खेपेला खजिनदारांनी दोन घेतले.

एवढं सगळं दिनचर्येत कसं बसवता, असं त्यांना हल्ली ऑफिसातली तरुण पोरं विचारतात म्हणे. ते सांगतात, चाळीस मिनिटांचा तर प्रश्न आहे. ह्या चाळीस मिनिटांभोवती जेवणाची वेळ, झोपेची वेळ, लग्नं, बारशी, मुलीचा अभ्यास आणि जिन्यातली तुळस कशी सरकली, ते सांगत नाहीत. दुपारी तीनच्या मीटिंगमध्ये त्यांची मान हळूच पुढे येते. कॅमेरा बंद असतो. त्यांच्या दृष्टीने ही परतीची दुसरी मात्रा.

मागच्या महिन्यात लिफ्ट बंद होती. आजी दुसऱ्या मजल्यावरून एक जिना चढून, कठडा धरत, पहाटे पावणेपाचला त्यांच्या दारात. मी आवाज ऐकून बाहेर आलो. वाटलं, दोन वर्षांची तक्रार आज येणार. आजी म्हणाल्या, "मला बघायचंय."

खुर्ची दिली. नावाडी मशीनवर बसले, पाहुणा आहे म्हणून जास्तच जोरात. घर्रर्र. घर्रर्र. आजी मान हलवत बघत राहिल्या. त्यांचा उजवा हात मांडीवर हळूहळू गोल फिरत होता.

"थांब रे," त्या म्हणाल्या. "खुंटा इतका आवळून धरू नकोस. म्हणून तुझ्या हाताला फोड येतात. बोटं नुसती अडकव. ओढायचं ते सगळ्या अंगानं. मी आणि माझी जाऊ समोरासमोर बसायचो, दोघींचा हात एकाच खुंट्यावर. तिनं आवळला की मला कळायचं, दळण जड व्हायचं."

नावाड्यांनी दांड्याकडे पाहिलं, मग तळहातांकडे. दांडा बोटांच्या आकड्यांत धरायचा, मूठ आवळायची नाही, हे त्यांना क्लबमधल्या प्रशिक्षकाने दोन वर्षं सांगितलं होतं, ते मला माहीत होतं, कारण प्रत्येक वेळी त्यांनी ते लिफ्टमध्ये मला सांगितलं होतं. त्यांनी बोटं सैल केली. आवाज बदलला. खरखर गेली, आणि खाली कुणीतरी मोठा श्वास घेत असावं तसं एकसंध घुमायला लागलं.

"हां," आजी म्हणाल्या. "आता पीठ बारीक पडेल." आणि सुनेला हाक मारून चहा वरच मागवला.

मशीनशेजारी त्यांची एक वही असते. तारीख, मीटर, स्प्लिट, ठोके, सगळे रकाने आखलेले. परवा चपला काढताना सहज नजर गेली. शेरा ह्या रकान्यात त्या दिवशी बारीक अक्षरात दोनच शब्द होते: खुंटा सैल. खाली स्प्लिट, २:२६.