लाकडांची शाकारणी

मृग 7 जूनच्या सुमारास लागतो आणि त्याआधीचा पंधरवडा कोकणातल्या घराला उसंत नसते. कौलं चाळायची, अंगणातला मांडव उतरवायचा, फेण्या-कुरडयांचे डबे माळ्यावर चढवायचे. पण या धांदलीत खरा मान परसातल्या लाकडांच्या चवडीचा. आजोबांच्या छत्रीची मोडलेली काडी श्रावणापर्यंत मोडकीच राहते. ऐन-किंजळाच्या ओंडक्यांना मात्र रोहिणी नक्षत्रातच छप्पर मिळतं. त्याबद्दल आजोबांनी कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. अंघोळीचं पाणी कोणाच्या कोरडेपणावर अवलंबून आहे, हे ते जाणून असतात.

झाकणं हे हलक्या हाताचं काम आहे. खाली चिऱ्याचे तुकडे मांडायचे, म्हणजे वर चढताना वाळवीला निदान थोडे कष्ट पडतात. त्यावर जाड ओंडके, मग फाटी, आणि सगळ्यांत वर नारळाच्या विणलेल्या झावळ्या, उताराला उतार जुळवून. चवड पागोळ्यांपासून हातभर लांब हवी. पाऊस नैऋत्येकडून तिरका येतो, म्हणून त्या अंगाला एखादी झावळी जास्त. बाकीच्या कुशी उघड्या. मुंबईहून आलेल्या चाकरमान्याला नेमकं हेच बघवत नाही. तो निळी ताडपत्री आणतो आणि चवडीला वरपासून खालपर्यंत गुंडाळून सुतळीने आवळतो, जणू ती कुरिअरने पाठवायची आहे. ताज्या तोडीच्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचंच असू शकतं. ते पाणी जाणार कुठे? आतल्या आत घामेजतं, आणि श्रावणात ताडपत्री उचलली की ओंडक्यांवर पांढरीशुभ्र बुरशी दिसते. चुलीत तसलं लाकूड आधी आपलं पाणी उकळून घेतं, मग सवडीने पेटतं. तोवर फुंकणीवाल्या बाईच्या डोळ्यांतून वेगळं पाणी. माझी आजी म्हणायची, "अरे, डोकं झाका तिचं, कुशी कशाला झाकता? एक वेळ भिजलेलं चालेल, घुसमटलेलं नको." घरातल्या सासुरवाशिणींना हा नियम लागू होता की नाही, हे विचारायचं धाडस आमच्यात कोणाला झालं नाही.

आता गॅस आहे. 2016 साली उज्ज्वला योजना आली आणि सिलिंडर वाडीवाडीत पोचला. पण तो चहापुरता. न्हाणीघराच्या चुलीवरचा हंडा अजून लाकडांवरच तापतो. बदललं ते पांघरूण. विणायला हात उरले नाहीत, आणि फ्लेक्स मात्र उदंड झाले. वाढदिवस उलटला, निवडणूक सरली, की हसऱ्या पुढाऱ्याचा फलक अलगद परसात येतो. त्याला पाणी लागत नाही. चार महिने धो धो पावसात तो हात जोडून लाकडांवर आडवा असतो, आणि एवढी विनाखंड सेवा त्याच्या हातून एरवी घडते असं कोणी म्हणणार नाही.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा झाकाझाकीची बहुतेक कामं उरकली होती. श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत पोफळी, माड, आंबे आडवे झाले. कित्येक वर्षं पुरेल इतकं जळण दारात येऊन पडलं, तेही सगळं ओलं. कौलं, पत्रे उडाले. दापोलीकडे आमच्या एका आत्याच्या घरी माजघरावर नुसते वासे उरले, तेव्हा भाच्यांनी चवडीवरचा फ्लेक्स ओढून वर बांधला. लाकडं राहिली उघडी, भिजत. घाईत छापील बाजू खाली आली. रात्री कंदिलाच्या उजेडात आत्या अंथरुणावर पडली, तर वरून हे गृहस्थ हात जोडून हसतायत. तिने पदर सावरला आणि हळूच विचारलं, "काय रे, हे आता रात्रभर इथेच का?"