पर्सेंटाइलचा भाव

फैजपुरात केळीचा उद्याचा भाव छातीठोकपणे सांगायला कुणी धजत नाही. हयात केळीत गेलेला माणूसही ‘बघू, बुऱ्हाणपूरला काय निघतो’ म्हणून गप्प बसतो. पण इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागू द्या. तोच माणूस ओट्यावरून निकाल देतो, ‘सत्त्याण्णव पर्सेंटाइल? मग व्हीजेटीआय फिक्स!’

पुरावा काय, तर गेल्या वर्षीचा कटऑफ. कटऑफ म्हणजे शेवटची जागा कुणाला मिळाली याची नोंद. यंदाचा आकडा प्रवेशाच्या कॅप फेरीत हजारो पोरांच्या पसंतीक्रमातून, प्रवर्गनिहाय निघणार. समुपदेशक मात्र फी घेऊन ‘७३ टक्के चान्स’ सांगतात. सीओईपी मिळालं, तर अंदाज त्यांचा. हुकलं, तर फॉर्म तुम्ही चुकीचा भरला!