दफा ३०२ आणि बांध

बीड जिल्ह्यातल्या आमच्या पिढीला कायदा दूरदर्शनवरच्या सिनेमांनी शिकवला. न्यायाधीश हातोडा आपटतात, साक्षीदार गीतेवर हात ठेवतो आणि शेवटच्या क्षणी कुणीतरी धापा टाकत पुरावा आणतं, एवढा तो अभ्यासक्रम. केज-माजलगावच्या कोर्टात हातोडा नाही, गीताही नाही. १९६९च्या शपथ कायद्यानुसार ईश्वराला स्मरायचं, नाहीतर नुसती प्रतिज्ञा करायची. धापा टाकत येतो तो पक्षकार, आणि तोही एसटी चुकली म्हणून.

खरी गोम अशी की पडद्यावर सगळे खटले खुनाचे. बांध कोरल्याचा दावा, सातबाऱ्यावरून गायब झालेली बहीण, वाटणीत अडकलेली विहीर यांवर कुणी सिनेमा काढला नाही. इथे मात्र आजोबांचा दावा नातू चालवतो. १९९३च्या 'दामिनी'त सनी देओल तारखांवरून केवढा कडाडला! पण त्याचे पक्षकार निदान गावात तरी होते. आमचा माणूस मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातो, आणि तारीख नेमकी जानेवारीत पडते. वकीलसाहेब मुदतीचा अर्ज देतात. त्यात कडाडण्यासारखं काही नसतं.

टीव्हीमुळे एक कलम तेवढं तोंडपाठ होतं, दफा ३०२. तर १ जुलै २०२४पासून खून कलम १०३मध्ये गेला. नव्या भारतीय न्याय संहितेत ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावणारं बोलणं.