ध्येयाला अनुदान लागत नाही

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजात जा. जिन्याशी फलक दिसेल. विद्यार्थ्याचा सर्वांगीण विकास, रोजगारक्षमता, जागतिक नागरिकत्व वगैरे. फलकावरची ट्यूबलाइट गेलेली असते.

ध्येय वाढवायला पैसे लागत नाहीत. ट्यूबलाइटला लागतात.

शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च करा, असं कोठारी आयोग 1966 मध्ये सांगून गेला. 1968 च्या धोरणाने मान डोलावली, 1986 च्या धोरणाने री ओढली, 2020 च्या धोरणाने तेच पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहून काढलं. आमच्याकडे हापूसचं कलम पाच-सहा वर्षांत फळ धरतं. हे कलम आजोबांनी लावलंय. नातू निवृत्त झाला, मोहोर नाही.

2020 च्याच धोरणात 2035 पर्यंत निम्मी तरुण मुलं उच्च शिक्षणात आणायची असं ठरलंय. 2021-22 च्या सरकारी पाहणीत हे प्रमाण होतं 28.4 टक्के. म्हणजे पावणेदोन पट. छान. शिकवणार कोण?

तासिकावाले.

नेट, सेट, पीएच.डी. सगळं झालेला माणूस 48 मिनिटांच्या तासावर राबतो. मे महिन्यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, दिवाळीत सुट्टी म्हणून पैसे नाहीत, आणि शिकवलेल्या तासांचे पैसे यायला कधी कधी पुढचं सत्र उजाडतं. कॉलेजचं मूल्यांकन करायला नॅकची समिती येणार म्हटलं की विद्यार्थ्यांच्या रोजगारक्षमतेचा तक्ता भरायला याच माणसाला बसवतात. स्वतःला पक्की नोकरी नाही, पण विषयाचा अनुभव दांडगा.

बरं, पैसा येतच नाही असं नाही. 2013 मध्ये केंद्राची ‘रूसा’ योजना आली. 2023 मध्ये तिचं नाव ‘पीएम-उषा’ झालं. उषा म्हणजे पहाट. इमारतीवर उजाडतं, प्राध्यापक भरतीच्या फायलीवर अजून पांघरूण आहे.

राज्याचं उच्च शिक्षण खातं 2020 ते 2022 या काळात रत्नागिरीच्याच आमदारांकडे, उदय सामंतांकडे होतं. गावाला काय मिळालं? मिळालं की! संस्कृत विद्यापीठाचं उपकेंद्र आलं. पुढे 2023 मध्ये शंभर जागांचं सरकारी मेडिकल कॉलेजही आलं. पाट्या झकास रंगल्यात. पाटी एका दिवसात लागते, पद मंजूर व्हायला मंत्री बदलावे लागतात.

आणि यश म्हणजे नक्की काय हो? दहावीच्या निकालात कोकण बोर्डाने, वेगळं झाल्यापासून, पहिला नंबर सोडलेला नाही. 2025 मध्ये 98.82 टक्के. यश आमच्याकडे दरवर्षी पिकतं.

पेटीत भरून मुंबईला जातं.

2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 81 हजारांहून अधिक घटली. देशभर माणसं वाढत होती, इथे घरांना कुलपं वाढत होती. आता गंमत बघा. कॉलेजातली पदं कार्यभारावर ठरतात आणि कार्यभार मुलांवर. हुशार पोरगं बारावीनंतर पुण्याला गेलं की तुकडी बारीक होते, तुकडी बारीक झाली की पद जातं, पद गेलं की विषय बंद होतो, आणि विषय बंद झाला म्हणून पुढचं पोरगं पुण्याला जातं.

याला यशस्वी विद्यार्थी म्हणतात. कॉलेजच्या अहवालात त्याचा फोटोही असतो.

‘कम्युनिटी कॉलेज’ ही अमेरिकेतली कल्पना यूजीसीने 2013 च्या सुमारास इकडे रुजवायला घेतली. गावाची गरज, गावातला उद्योग, छोटा अभ्यासक्रम, हाताला काम. कल्पना वाईट नव्हती. फक्त आमची कम्युनिटी डोंबिवली-विरारला राहते, गणपतीला येते आणि पाच दिवसांत परत जाते.

आता नव्या धोरणात इंटर्नशिप आली आहे, ओजेटी म्हणजे ऑन-जॉब ट्रेनिंग आलं आहे. काम करा, क्रेडिट मिळवा. आमचं पोरगं एप्रिलमध्ये आंबे उतरवायचा झेला घेऊन कलमावर असतं, रात्री पेट्या भरतं, वाशीच्या मार्केटचा भाव तोंडपाठ सांगतं. क्रेडिट शून्य. मग ते मामाच्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रमाणपत्र आणतं, लेटरहेडवर, शिक्क्यासह. लगेच क्रेडिट जमा.

लेटरहेडही मामानेच छापलेलं.

मुलींना व्यावसायिक शिक्षण मोफत, हा सरकारचा 2024 चा निर्णय. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. स्वागतच आहे. पण सरकारने फी माफ केली म्हणजे ती कॉलेजला मिळाली असं थोडंच आहे? ती सरकारकडून ‘येणे’ असते. ‘येणे’ हे क्रियापद आमच्याकडे नेहमी भविष्यकाळी चालतं.

खरं विचाराल तर विद्यार्थ्याचं यश ठरवणारी यंत्रणा ना नॅक आहे ना विद्यापीठ. ती आहे रत्नागिरीतलं रहाटाघरचं एसटी स्टँड. गावाची शेवटची गाडी चार वाजता सुटत असेल तर केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल साडेतीनला संपतं, मग टायट्रेशनचा रंग बदललेला असो वा नसो. वस्तीची गाडी बंद झाली की सकाळचा पहिला तास बुडतो. हजेरी पंचाहत्तर टक्के हवी, हा नियम एसटीच्या कंट्रोलरला कुणी कळवलाय का?

मागे अशाच एका कॉलेजात ‘विद्यार्थी यश’ या विषयावरच्या बैठकीला मी हजर होतो. दुपारी चारची वेळ. प्राचार्य, संस्थाचालक, मुंबईहून आलेले माजी विद्यार्थी, झाडून सगळे होते. विद्यार्थी प्रतिनिधीची खुर्ची तेवढी रिकामी.

त्याची गाडी होती.

बैठकीत अठरा उद्दिष्टं मंजूर झाली आणि एक वॉटर कूलर. कूलर माजी विद्यार्थ्यांकडून, त्यावर देणगीदारांची सात नावं, नळ एक. विजेचं बिल कुणी भरायचं असं कारकुनाने विचारलं, तेव्हा अध्यक्षांनी चहा मागवला.